डीडी कार्ड आणि फडाचं पाणी

माझा पुतण्या जळगावचा. बांभोरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि पुण्यात एका कंपनीत लागला. मोबाइलसाठी काहीतरी चकचकीत करायला मिळेल अशी त्याची समजूत, आणि हातात आलं काय तर कोबॉल! आठ दिवस पोराचा चेहरा उतरलेला होता, असं वहिनी सांगत होत्या. मग एका रविवारी त्याचा फोन आला.

"काका, तुम्ही पूर्वी हेच करायचे ना? मला एक सांगा. प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली आहे, वाचली आहे, बंद केली आहे. पण त्या फाइलचं नाव कुठेच नाही. मग हा प्रोग्रॅम उघडतो तरी काय?"

मंडळी, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. पंचवीस वर्षांपूर्वी मीही अगदी हाच प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर मिळालं होतं, "ते जेसीएलमध्ये असतं, तू टाइप कर." त्यामुळे पुतण्याला मी तासभर सोडलं नाही. त्याला जे सांगितलं आणि फोन ठेवल्यावर जे आठवत राहिलं, ते सगळं इथे लिहितोय. ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण निम्मा लेख पांझरा नदीबद्दल आहे.

तर, कोबॉल. हिची जुळवाजुळव सुरू झाली १९५९ साली, अमेरिकेत, सरकारी खाती आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या अशा सगळ्यांच्या समितीत. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, कुणाकडे फिती, कुणाकडे कार्डं. एकच प्रोग्रॅम सगळीकडे चालावा तर यंत्रावर अवलंबून असणारा मजकूर एका कोपऱ्यात कोंडून ठेवायला हवा. म्हणून त्यांनी प्रोग्रॅमचे चार भाग केले आणि त्यातल्या 'एन्व्हायर्न्मेंट डिव्हिजन'मध्ये हा सगळा पसारा घातला. तिथे लिहायचं, सिलेक्ट अमुक, असाइन टू तमुक. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर यातलं 'तमुक' हे फाइलचं खरं नाव नसतं. ते आठ अक्षरांच्या आतलं घरगुती नाव. आपल्याकडे नाही का, ज्याला सगळं गाव बापू म्हणतं त्याचं सातबाऱ्यावरचं नाव घरच्यांनाही पटकन आठवत नाही. प्रोग्रॅम फाइलला 'बापू' म्हणून हाक मारतो, आणि बापूचा सातबारा असतो जेसीएलकडे.

जेसीएल म्हणजे जॉब कंट्रोल लँग्वेज. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली, तिच्या ओएस/३६० बरोबर ही आली. प्रत्येक फाइलसाठी एक ओळ, तिला म्हणतात डीडी कार्ड. कार्ड म्हणजे खरोखरचं पुठ्ठ्याचं, ऐंशी रकान्यांचं. कार्डं गेली, नाव राहिलं. या कार्डावर घरगुती नाव, खरं नाव, आणि ती फाइल इतरांबरोबर वाटून वापरायची की एकट्याने धरून ठेवायची, हे सगळं लिहायचं. ओएस/३६० ज्याच्या देखरेखीखाली झाली त्या फ्रेड ब्रूक्सनेच पुढे जेसीएलला आजवरच्या सगळ्यात वाईट प्रोग्रॅमिंग भाषांच्या पंगतीत पहिलं पान वाढलं. स्वतःच्या लेकराबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस विरळा. पण डीडी कार्डाची मूळ कल्पना मला आजही शहाणपणाची वाटते. प्रोग्रॅमला हात न लावता आज चाचणीची फाइल जोडा, उद्या खरी.

आपल्या मुलखात या भानगडीशी गाठ पडली ती मुंबईत. टीसीएस १९६८ ची. १९७४ च्या सुमारास त्यांना बरोज कंपनीचं एक काम मिळालं. इस्पितळांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बरोजच्या एका जातीच्या यंत्रावरच्या कोबॉलमधून दुसऱ्या जातीच्या यंत्रावरच्या कोबॉलमध्ये न्यायचं. हे काम मुंबईत झालं ते भलत्याच यंत्रावर, आयसीएल १९०३ वर! कागदावर भाषा एकच, पण एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतसुद्धा ती जशीच्या तशी चालत नाही, म्हणून तर असलं काम निघतं. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, ती १९९२ मध्ये टाटांचा हात धरून परत आली. माझ्या पिढीला मेनफ्रेम भेटली ती वायटूकेच्या लाटेत. भेटली म्हणजे तरी काय, यंत्र अमेरिकेत आणि आम्ही पुण्यात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं बघत बसलेलो. त्यांची रात्र तो आमचा दिवस, त्यामुळे त्यांचे रात्रीचे जॉब आम्ही भर दुपारी डबा खाता खाता बघायचो. मी आयुष्यात एकदाही मेनफ्रेम डोळ्यांनी पाहिलेली नाही.

"कळलं," पुतण्या म्हणाला. "पण आता मला सांगितलंय की डीडी कार्ड लिहायचं नाही, प्रोग्रॅममधूनच चालता चालता फाइल जोडायची. डायनॅमिक अ‍ॅलोकेशन. कार्डाने होतंय तर हे कशाला?"

इथे मला आबा आठवले.

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. आबा म्हणजे आईचे वडील. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षांपूर्वीचे म्हणतात. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही इथल्या बंधाऱ्यांची आणि पाटांची माहिती आहे. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटाखाली जेवढं भिजतं ते थळ, आणि थळाचे तीन किंवा चार मोठे तुकडे केलेले असतात. ते फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. एकात ऊस, एकात गहू-हरभरा, एकात भुसार, आणि दरवर्षी हा क्रम पुढे सरकतो. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो सगळ्या फडांमध्ये थोडी थोडी असते. आबांचीही तशीच होती, चार ठिकाणी चार तुकडे. लहानपणी मला वाटायचं, आबांना एका जागी जमीन घेता आली नाही, काय हे!

खरी गंमत पुढे आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळे बसायचे आणि यंदा कोणत्या फडाला पाणी, कोणत्याला नाही, हे ठरायचं. नदीला पाणी कमी दिसलं तर एखादा फड सरळ सोडून द्यायचा. सोडलेल्या फडात सगळ्यांचाच तुकडा असल्यामुळे मार सगळ्यांना सारखा. एकदा ठरलं की शेतकऱ्याने पाण्याला हात लावायचा नाही. पाणी द्यायचं ते पाटकऱ्याने. पिकाची राखण जागल्याने करायची आणि या सगळ्यांवर हवालदार. आबा सांगायचे, पाटकऱ्यापुढे पाटलाचंही चालत नसे. (यात थोडी मालमसाल्याची भर असेल. आबा पाटील नव्हते.)

जाता जाता सांगतो, विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या अगदी सुरुवातीला त्यांनी याच साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेच्या पाटासाठी सायफन बांधला. पुढे त्यांनी नीरा कालव्यासाठी पिकांची पाळी ठरवलेली 'ब्लॉक' पद्धत आखली. ती त्यांना पांझरेकाठी सुचली असं म्हणायचा मोह मला होतो, पण आजोळच्या प्रेमापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही.

आता परत मेनफ्रेमकडे. जॉब सुरू व्हायच्या आधी 'इनिशिएटर' नावाचा एक कारभारी त्याची सगळी डीडी कार्डं वाचतो आणि त्यातल्या सगळ्या फायली एकदम मागतो. सगळ्या मिळाल्या तर जॉब सुरू. एक जरी दुसऱ्याकडे अडकलेली असली तर पहिली ओळसुद्धा चालत नाही आणि ऑपरेटरच्या पडद्यावर येतं, जॉब वेटिंग फॉर डेटा सेट्स. हंगामाआधीची बैठकच ही! हे असं का, तर नंतर चालू जॉबमध्ये मारामारी नको. समजा एका जॉबने हप्त्यांची फाइल धरली आणि त्याला हवी एजंटांची. दुसऱ्याने एजंटांची धरली आणि त्याला हवी हप्त्यांची. दोघे कयामतपर्यंत एकमेकांकडे बघत बसणार. आपल्याकडच्या दोन भाऊबंदांसारखं, एकाकडे मोटार, दुसऱ्याकडे पाइप, आणि दोघंही म्हणतात आधी तू दे. यालाच डेडलॉक म्हणतात. आयबीएमच्याच हॅवेंडर नावाच्या माणसाने १९६८ मध्ये त्यांच्या सिस्टिम्स जर्नलमध्ये हा गुंता टाळण्याचे मार्ग लिहिले, त्यातला एक हाच. जे लागणार ते सगळं सुरुवातीलाच एकदम घ्या, नाहीतर सुरूच होऊ नका.

उपाय चोख आहे, पण महागडा. जॉबच्या दहा पायऱ्या असल्या आणि फक्त दहाव्या पायरीला एक फाइल एकट्याने धरायची असली, तरी ती पहिल्या पायरीपासून अडकते. आमच्याकडे एक महिनाअखेरीचा जॉब होता. शेवटच्या पायरीचं पाच मिनिटांचं काम, आणि त्यासाठी ग्राहकांची मुख्य फाइल तीन तास बांधलेली. मागे पाच-सहा जॉब रांगेत. पलीकडून फोन यायचे, आम्ही "चालू आहे, चालू आहे" म्हणायचो. दुसरी अडचण मोजणीची. फायली किती हे आधी माहीतच नसेल तर? दर शाखेची वेगळी फाइल, शाखा दर महिन्याला वाढणाऱ्या, म्हणजे दर महिन्याला जेसीएल बदला. शिवाय एका पायरीत कार्डांना मर्यादा. सिस्टिमचा जो तक्ता ती लक्षात ठेवतो तो ३२ के आकाराचा असेल तर साधारण १६३५ कार्डं, बस.

म्हणून मागचं दार. त्याचं नाव एसव्हीसी ९९. टीएसओवर, म्हणजे पडद्यासमोर बसून काम करणाऱ्या माणसासाठी, फाइल आयत्या वेळी जोडणं भागच होतं. तो माणूस पुढच्या घटकेला काय मागेल हे कार्डावर आधी कोण लिहिणार? तिथे हे आधी आलं, आणि १९७४ मध्ये एमव्हीएस आली तेव्हा रात्रीच्या जॉबनाही मिळालं. प्रोग्रॅम चालता चालता म्हणू शकतो, मला अमुक फाइल अमुक घरगुती नावाने जोडून दे, काम झालं की सोडून दे. पाच मिनिटांचं काम, पाच मिनिटंच फाइल.

फक्त कोबॉलला हे दार सरळ उघडता येत नसे. एसव्हीसी ९९ ला जी माहिती द्यायची ती पत्त्यांच्या पत्त्यांची माळ असते, आणि ती ओवावी असेंब्लरवाल्यानेच. त्यामुळे कंपन्यांमध्ये कुणीतरी केव्हातरी लिहून ठेवलेलं एक छोटं असेंब्लर मोड्यूल असे. कोबॉलवाल्याने ते कॉल करायचं आणि आत काय आहे ते विचारायचं नाही. आमच्याकडचं ज्याने लिहिलं होतं तो गृहस्थ अमेरिकेत निवृत्त होऊन मासे पकडत होता म्हणे. त्याच्या कॉमेंटमधली तारीख माझ्या जन्माच्या आधीची होती. त्या मोड्यूलला सगळे देवासारखे घाबरून असायचे, पण मला त्याचा अभिमान वाटायचा. इतकी वर्षं रोज रात्री चालणारं असं काही आपण लिहू का, असं वाटायचं.

पुढे बीपीएक्सडब्ल्यूडीवायएन नावाची सोय आली (हे नाव ठेवणाऱ्याला नमस्कार). तिला साध्या मजकुराची एक ओळ द्यायची, माळ ती ओवते. आणि २००० च्या आसपास आयबीएमच्या कोबॉलमध्येच सोय झाली. प्रोग्रॅममधून 'पुटएन्व्ह' कॉल करून असाइनमधल्या घरगुती नावाचं एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल भरायचं, त्यात फाइलचं खरं नाव आणि ती कशी हवी ते लिहायचं, आणि मग ओपन. कोबॉल आधी डीडी कार्ड शोधते. ते नसेल तर हे व्हेरिएबल बघते आणि फाइल जोडून घेते. पुतण्याला करायचं होतं ते एवढंच. आम्हाला ज्यासाठी मासे पकडणाऱ्या बाबाचे पाय धरावे लागत, ते आता चार ओळींत होतं.

इथपर्यंत सगळं गोड. आता माझी गोष्ट, जी मी पुतण्याला आधी सांगणार नव्हतो.

२००१ साल. आम्ही परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम बघत होतो. मी एका जॉबचं जेसीएल नव्याने लिहिलं. त्या दिवशी आलेल्या हप्त्यांची फाइल तयार करणारी ती पायरी. डीडी कार्डावर घरगुती नावात माझं एक अक्षर चुकलं. आता असं झालं की प्रोग्रॅमला हवं ते कार्ड सापडत नाही, ओपन फसतं, प्रोग्रॅम आपटतो, कुणाला तरी फोन जातो, शिव्या बसतात आणि दुरुस्ती होते. होते तर होते. पण त्या यंत्रावर सीबीएलक्यूडीए नावाचा एक पर्याय चालू ठेवलेला होता. आयबीएमकडून तो बंद येतो, कुणीतरी कधीतरी कशासाठी तरी चालू केलेला. याचं काम असं की कार्ड सापडलं नाही तर कोबॉलने आपणहून एक तात्पुरती फाइल जोडून घ्यायची. हीसुद्धा डायनॅमिक अ‍ॅलोकेशनच, पण कुणी न मागितलेली.

प्रोग्रॅमने इमानेइतबारे सगळे हप्ते त्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिले. जॉब संपला आणि सिस्टिमने ती फाइल पुसून टाकली. रिटर्न कोड शून्य. म्हणजे सगळं छान. आणि माझ्या चुकलेल्या कार्डामुळे खरी फाइल तयार झालीच होती, कॅटलॉगमध्ये नावही चढलं होतं, फक्त आत एकही रेकॉर्ड नव्हता. पुढच्या जॉबने ती उघडली, रिकामी पाहिली आणि अर्थ काढला की आज कुणीच पैसे भरलेले नाहीत. वेळेवर पैसे भरलेल्या लोकांना, त्यात म्हातारीकोतारी माणसं असणारच, पत्रं गेली की तुमचा हप्ता आला नाही, पॉलिसी बंद पडू शकते.

तीन दिवसांनी कळलं. नोकरी गेली नाही. माफीची पत्रं त्यांनी पाठवली, फाइल आम्ही परत तयार केली, आणि एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सीबीएलक्यूडीएचं पान दाखवलं. आयबीएमने तिथे स्पष्ट लिहून ठेवलंय की हे बंद ठेवा, नाहीतर जेसीएलमध्ये अक्षर चुकलं तर शून्य रिटर्न कोड मिळेल आणि फाइल मिळणार नाही. म्हणजे माझी चूक माझ्या आधीच कुणीतरी करून छापून ठेवली होती! ती पत्रं वाचणाऱ्यांचा विचार मात्र बरेच दिवस डोक्यातून गेला नाही.

त्याच सुट्टीत आजोळी गेलो तेव्हा आबांना हे सांगायचा प्रयत्न केला. रेकॉर्ड, फाइल वगैरे त्यांना काय सांगणार, म्हणून म्हटलं की पाणी सोडलं, पण चारी चुकली आणि सगळं पाणी भलतीकडे जिरलं, आणि वहीत मात्र लिहिलं की पाणी दिलं. आबांनी विचारलं, "मग पाटकरी कुठे गेला होता?" मी म्हटलं, तिथे पाटकरी नसतो, वहीच असते. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

पुतण्याला वाटलं की मी त्याला डायनॅमिकच्या विरोधात सांगतोय. तसं अजिबात नाही. तीन तासांची रांग मी पाहिलेली आहे. पण आयत्या वेळी मागायचं तर आयत्या वेळी 'नाही' ऐकायची तयारी हवी. इनिशिएटर जॉबला थांबवून ठेवतो. एसव्हीसी ९९ साध्या प्रोग्रॅमला थांबवत नाही, सरळ ०२१० हा कोड हातात ठेवते, म्हणजे फाइल दुसऱ्याकडे आहे. मग पुढे काय करायचं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी ठरवलेलं हवं. थांबायचं, परत मागायचं, की हातातल्या फायली सोडून बाहेर पडायचं? बैठक टाळता येत नाही, ती फक्त प्रोग्रॅमच्या आत शिरते. आणि प्रत्येक डायनॅमिक फाइलचा रिटर्न कोड तपासायचाच, हे मी त्याला तीनदा सांगितलं.

फडांचं म्हणाल तर आबांच्या डोळ्यांदेखतच ते ढिले पडत गेले. नदीवर वर धरणं झाली, शेतोशेती विहिरी झाल्या, विजेच्या मोटारी आल्या. ज्याला जेव्हा पाहिजे तेव्हा त्याने बटण दाबावं. बैठकीला कोण बसणार? माझ्या मामानेही विहीर खणली आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. ऐन गव्हाला पाणी हवं असताना फडाची पाळी बघत बसणं ज्याने सोसलंय त्याला विचारा. फक्त इथे माझी तुलना मोडते. फाइल वापरून सोडली की पुढच्याला जशीच्या तशी मिळते. विहिरीचं पाणी तसं मिळत नाही, आणि शेजारच्याने किती उपसलं हे सांगणारा ०२१० सारखा कोडही नाही. मोटार हवा ओढायला लागते तेव्हा कळतं. काही बंधाऱ्यांवर फड अजून चालतात. आमच्या बंधाऱ्यावर पाट आहे, पाटकरी नाही.

असो. पुढच्या आठवड्यात पुतण्याचा निरोप आला, "काका, ०२१० आला!" आनंदात होता की वैतागलेला, कळायला मार्ग नव्हता. मी लिहिलं, फाइल कोणाकडे आहे ते आधी शोध. अर्धा तास काही उत्तर नाही. मग कळलं, ती फाइल त्याने स्वतःच दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवली होती आणि तशीच ठेवून जेवायला गेला होता.